पाणंद कुणी खाल्ली?

“पाणंद कुणी खाल्ली?”

हर्षालीनं विचारलं आणि चावडीसमोर बसलेल्या माणसांनी वळून पाहिलं. प्रश्न तिचा एकटीचा नव्हताच. वर्गातल्या स्नेहल आणि अमरीननं सकाळी शाळेत जाताना पैज लावली होती, “भर बैठकीत विचारून दाखव, तर तू खरी नववीतली!” आता त्या दोघी खांबामागं उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढत होत्या.

बैठक बिबट्यासाठी होती. आदल्या रात्री भिकातात्यांच्या दावणीचं वासरू गेलं होतं. कुणी म्हणत होतं, पिंजरा लावा. कुणी म्हणत होतं, हा इथला नायच, गाडीतनं आणून सोडलाय. सगळे त्या बिबट्या वाघाचं बोलत होते आणि ही पोरगी वाटेचं विचारत होती.

“वासरू माझं गेलंय, आन् तुला वाट सुचतीय व्हय गं?” भिकातात्या खेकसले.

“त्याच वाटंनं शाळेला जातो आमी, तात्या. दोन्ही खांद्यांना ऊस घासतो. वाघाला उठायचीबी गरज नाय, नुसतं तोंड उघडून बसायचं!”

खांबामागून खिदळणं ऐकू आलं. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या कुशाबाईनं मात्र मान डोलावली. “पोरगी खरं बोलतीय. मी नवी नवरी आले तवा दोन बैलगाड्या समोरासमोर जायच्या त्या पाणंदीतनं. दोन्ही अंगाला बाजरी व्हती. माणूस लांबनं दिसायचा. मग कालव्याचं पाणी आलं, बाजरी गेली, ऊस आला. आन् दरसाली उसाची एकेक सरी वाटंत सरकली.”

“कुणाची सरकली, ते सांगा की आजी!” हर्षाली म्हणाली.

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. जो तो शेजाऱ्याकडं बघू लागला. तेवढ्यात हर्षालीचे वडील भरतअण्णा उठले. “वाटंच्या पलीकडल्या शेतवाल्यांनी खाल्ली. समद्या गावाला म्हाईत हाय. आता ऊस कारखान्याला जाईस्तोवर माझी पोरगी काय शाळंत जाणार नाय. चल घरी.”

खिदळणं थांबलं. मागच्या साली वरच्या आळीतल्या दोघींची शाळा अशीच थोड्या दिवसांसाठी बंद झाली होती. दोघींचीही आता लग्नं झाली होती.

पाणंदीच्या तोंडाशी येईपर्यंत दिवस मावळला. अण्णांनी तिला पुढं घातलं. उसाचं वाळलेलं पाचट पायाखाली करकरत होतं. एरवी वाटभर बडबडणारी हर्षाली एक शब्दही बोलली नाही. बोलायला हवं होतं. निदान ती सळसळ ऐकू आली नसती.

वारा नव्हता. तरी डावीकडचा ऊस हलत होता. ती थांबली की सळसळ थांबायची. ती चालली की तीही चालायची.

“अण्णा...”

“पळू नगं. वाकू नगं.” अण्णांचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि उजवीकडं, स्वतःच्या उसात ओढलं. तिची चप्पल वाटेतच राहिली. पानं तोंडावर सपासप लागली. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होता. अण्णा मात्र कुठं अडखळले नाहीत, कुठं चाचपडले नाहीत. सऱ्या ओलांडत सरळ गेले आणि त्यांनी तिला उचलून एका दगडावर उभं केलं.

“उंच हो! वरड, जेवढं वरडायचं तेवढं वरड!”

ती ओरडली. अण्णा ओरडले, हातांनी ऊस झोडपत राहिले. मागं वाटेवर काहीतरी जड, मऊ पावलांचं थांबलं. श्वास ऐकू आला. उग्र वास आला. मग ते वजन सावकाश कालव्याच्या दिशेनं निघून गेलं.

किती तरी वेळ दोघं तसेच उभे राहिले. दगड चांगला घडीव होता. तिच्या अनवाणी पायाला वरची फुली लागली, कुणीतरी टाकीनं नीट कोरलेली.

घरी तिची आई अंजना दारातच उभी होती. “आरडाओरडा ऐकला मी! काय झालं? अगं, गालाला रगत आलंय!”

“वाचलो आज,” अण्णा ओट्यावर बसले. “हिची शाळा बंद. पाणंद ऱ्हायली नाय आता. पलीकडल्यांनी मारलं आपल्याला.”

हर्षालीनं गाल पुसला. अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान वळवली.

“आई, मी शाळेत जाणार. फक्त उद्या नाय जाणार.”

“का गं?”

“उद्या मला कोयता लागंल. पाणंदीच्या हद्दीचा दगड आपल्या उसात हाय, पार आत. काळोखात अण्णांना तो न चाचपता घावला. तिथपासनं वाटंपर्यंतचा समदा ऊस मी तोडणार हाय.”