खोलातून वर

शौर्यपदकासाठी तुळशीरामचं नाव पुकारलं आणि मागच्या रांगेतला हिरामण खुर्चीत अंग चोरून बसला. कोळसाखाणीत विषारी वायू पसरला, तेव्हा बचाव पथकातल्या तुळशीरामनं आपला मास्क हिरामणच्या तोंडावर चढवून त्याला वर आणलं होतं. खाणीच्या तोंडाशी पोचताच त्यानं स्वतः प्राण सोडला.

पदक घ्यायला त्याची बायको पार्वता मंचावर गेली. वर्षभर हिरामण तिला चुकवत आला होता.

पदक घेऊन ती उतरली, ती थेट त्याच्यासमोर आली. आता ही चारचौघांत जाब विचारणार, या धास्तीनं त्यानं मान खाली घातली.

"भाऊ, इतक्या खोलातून त्यांनी तुम्हाला वर आणलं," ती म्हणाली, "आता मान खाली घालून काहून बसता?"

आणि ती त्याच्या शेजारी बसली.