पायाळू

"कडी घाल," दशरथ म्हणाला. तो गोधडीवर पालथा पडला होता. सदरा मानेपर्यंत वर सरकवलेला. कमरेच्या मधोमध वीतभर व्रण होता, अजून लालसर.

सुगंधा उंबऱ्याशीच थांबली. चप्पल तिने काढली नव्हती.

"प्रेमाने मला नळावर बजावलंय, दादा. माझ्या नवऱ्याच्या पाठीला पाय लावलास तर तंगडी मोडेन म्हणाली."

"प्रेमा चारला येतली," दशरथची आई जानकी म्हणाली. "आता कुठे तीन वाजले. तू ये गो आत." तिने स्वतःच पुढे होऊन कडी घातली.

सुगंधा पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाने पाय लावला की कमरेतली उसण उतरते, हे भांडुपच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी भरताना कंबर धरलेल्या बायका तिच्या दारात यायच्या. "आमची ही सगळ्या चाळीला लाथा मारून पुण्य कमावते," असं तिचा नवरा सांगायचा. ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं ती दशरथला दर रविवारी पाय लावत होती. तो भिंत धरून यायचा आणि भिंत सोडून जायचा. पण तेव्हा पाठ शिवलेली नव्हती.

"डॉक्टरांकडे जा ना, दादा. ऑपरेशन त्यांनी केलंय, त्यांनाच विचार."

"काय विचारू? काल भरलेला हंडा उचलून बघितला, हे सांगू?"

"हंडा? अरे देवा! कशाला?"

"सोमवारी मरोळला हजर व्हायचंय. कंपनीचा डॉक्टर वाकायला लावतो, खोकं उचलायला लावतो. जमतं की नाही ते घरी नको बघायला?" त्याने दात आवळले. "कळ परत पहिल्यासारखी. कमरेतून निघते ती थेट उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. हॉस्पिटलवाले अजून दोन महिने झोपवतील. माझ्या मशीनवर बदलीवाला उभा आहे गं. गिरणी बंद पडली तेव्हा दीड वर्ष घरात बसलो. आता ही नोकरीपण घालवू?"

"आणि माझ्या पायाने काही झालं तर?"

"व्हायचं ते झालंय. लाव."

जानकीने व्रणाच्या दोन्ही बाजूंना खोबरेल लावलं. "ह्याच्यावर नको. बाजूक लाव."

सुगंधाने चप्पल काढली. भिंतीला हात टेकला.

पहिल्यांदा तिने पाऊल नुसतं टेकवलं. दशरथ ओरडला नाही, पण गोधडीचा कोपरा त्याने तोंडात धरला. बाहेर कुणीतरी बादली आपटली. सुगंधाने दाराकडे बघितलं. पावलं दारावरून पुढे गेली.

दुसऱ्यांदा कमरेच्या जरा खाली, थोडं दाबून. त्याच्या पाठीवर घाम फुटला. उजवा पाय आपोआप झटकला गेला.

"सोडूया, काकी."

"अर्ध्यावर सोडू नको गो. तीनदा लावतंत."

तिसऱ्यांदा तिने कमरेपासून सुरुवात केली आणि उसण उतरवायची असते तसं पाऊल हळूहळू खाली ओढत नेलं. उजवी मांडी. गुडघ्याची मागची बाजू. पोटरी. इथे आली की तो नेहमी कळवळायचा. आज गप्प होता.

"आई," तो म्हणाला. आवाज एकदम मोकळा झाला होता. "गेली गं! कळ गेली."

"गेली?"

"पार गेली. पाय कसा हलका झालाय, जसा नाहीच." तो हसायला लागला. "सुगंधा, तुझे पाय धुऊन पाणी प्यायला पाहिजे. ऑपरेशन उगाच केलं बघ."

जानकीने देवाच्या फळीकडे बघून हात जोडले.

सुगंधा हसली नाही. तिने पाय अजून उचलला नव्हता. तिने टाच त्याच्या पोटरीत रोवली. मग आणखी भार दिला.

"दादा," ती म्हणाली, "माझा पाय आता कुठाय?"

"उचललास ना मघाशीच." दशरथचं तोंड गोधडीत होतं. "जा आता. प्रेमा येईल, तुझी तंगडी मोडेल."

जानकीने खाली बघितलं. जोडलेले हात तसेच राहिले.

सुगंधाने पाय काढून घेतला. पोटरीवर टाचेचा पांढरा ठसा उठला होता. तो हळूहळू लाल झाला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

जानकी लेकाच्या पायाशी बसली. तिने त्याचा अंगठा दोन बोटांत धरून पिळला. मग नख लावलं. दशरथ बोलतच होता. सोमवारी पहिली पाळी आहे. डबा सहालाच तयार पाहिजे. भाकरी नको, तिथे गार होऊन कडक होते, प्रेमाला चपात्या करायला सांग.

जानकीने नख आणखी रुतवलं. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला.

"आणि कांदा दे," दशरथ म्हणाला. "चिरलेला नको, अख्खा दे."