सत्यशीलेचा फोन

मार्कंड्याच्या जत्रेतली चांदीची समई कोणी पळवली, हे चंचलला अजून ठरवता येत नव्हतं. नावाड्यावर संशय टाकून झाला, फुगेवाल्यावर झाला. तिच्या कादंबरीतली तीन पोरं वैनगंगेच्या वाळूत चोराची पावलं शोधत केव्हाची ताटकळली होती, आणि इकडे गॅसवर चैतूची पेज उतू चालली होती.

"बाई, पेज," सासरे दारातून म्हणाले.

गुणवंतराव घरात एवढंच बोलायचे. त्यांनी नातवाला भरवलं, टोपडं घातलं, खांद्यावर घेतलं आणि रोजच्यासारखे राईस मिलकडे निघाले. मिलच्या आवारात कबुतरं दाणे टिपायला उतरत. ती बघत चैतू रमायचा. दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की तोंडाचा चंबू करून तोही "भों!" म्हणायचा. अजून तरी त्याला तेवढा एकच शब्द येत होता.

नवरा प्रफुल नोकरीपायी आठवडाभर चंद्रपूरला. तेव्हा मूल गावातल्या त्या दोन खोल्यांतली दुपार काय ती चंचलची.

समोरच्या भिंतीवर नऊवारीतली, नथ घातलेली, मान वेळावून बघणारी एक बाई होती. नवा पाहुणा तिला हात जोडायचा. "सासूबाई का? देखण्या होत्या हो!"

"सासूबाई नव्हे, सासरे," चंचल सांगायची. झाडीपट्टीच्या नाटकांत गुणवंतरावांनी तरुणपणी बायकांची कामं केली होती. मग पाहुणा हसत सुटायचा आणि त्याचा चहा निवून जायचा.

किशोरांसाठी रहस्यकथा लिहिणं सोपं, असं लोकांना वाटतं. पण मोठी माणसं लेखकाला सांभाळून घेतात. चौदा वर्षांची पोरं घेत नाहीत. खूण लपवली की त्यांना राग येतो, आणि दाखवली की ती चोर पकडतात. म्हणून खूण न्यायची ती त्यांच्या डोळ्यांसमोरून, पण ती हसत असताना. एवढं चंचल पहिल्या पुस्तकात शिकली. ते पुस्तक मात्र निघालं आणि निपचित पडलं. काही प्रती आश्रमशाळांना वाटल्या, उरलेल्या माळ्यावर गेल्या.

चैतू झाल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली होती, "बाबा, लिहिणं सोडते मी. वाचतंय कोण?"

"तुझी मर्जी, बाई," म्हणून ते नातवाला घेऊन बाहेर पडले होते.

आणि त्याच आठवड्यात तो फोन आला. कोवळा, भरभर बोलणारा आवाज.

"ताई, मी सत्यशीला. एटापल्लीकडच्या आश्रमशाळेतून. तुमचं पुस्तक वाचलं. दुसरं कधी येऊन राह्यलं?"

चंचल उठून उभीच राहिली. "नंबर कुठून मिळाला गं?"

"पुस्तकाच्या मागं आहे ना! पण ताई, तुम्ही उलटा फोन नका लावजा. वॉर्डनबाईचा आहे. मले बोलणी बसतीन."

"आणि ही घरघर कसली?"

"पंखा आहे, ताई. जुना झाला."

तेव्हापासून दर आठवड्याला फोन. चंचल लिहिलेलं सांगायची, पोरगी चोर पकडायची. "नावाडीच ना? एवढा गोड बोलते तो, मले लगेच समजलं!" चंचल खोडायची, पुन्हा लिहायची. बोलणं रंगात आलं की पोरगी एकदम म्हणायची, "ठेवतो ताई, घंटा होते आता." फोन बंद झाल्यावरही चंचल हसत बसायची. कुठल्या रानातली कोण पोर, आणि आपल्या पानांची वाट बघते!

समईपाशी गाडं अडलं, तेव्हाही तीच म्हणाली, "ताई, घरचंच माणूस असन. घरच्या माणसाकडे कोणी पाहते का?"

आणि रहस्य सुटलं. पोरांना रोज जेवू घालणारी, कोपऱ्यात गप्प बसणारी मावशीच चोर निघाली. दसऱ्याच्या आधी पुस्तक छापून आलं. चंचलने पहिली प्रत सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, "बरं झालं," म्हणाले आणि चैतूला टोपडं घालू लागले.

ते गेले आणि थोड्या वेळाने फोन वाजला.

"सत्यशीला, पुस्तक आलं! पहिल्या पानावर काय छापलंय, ऐक. 'सत्यशीलेला. तू विचारलंस म्हणून मी लिहिलं.'"

पलीकडून नुसती घरघर.

"ऐकलंस ना?"

"माझं नाव काऊन टाकलं, ताई?" आवाज जरा फाटला. "मी काय केलं?"

"तुझा फोन आला नसता तर मी वह्या बंबात घातल्या असत्या गं. आता तुला भेटायलाच येते. चैतूला आणते, आमच्या बाबांनाही आणते."

"नका येऊ ताई! रस्ता लय खराब आहे."

"असू दे. माझ्या हाताने तुला पुस्तक द्यायचंय."

पुन्हा नुसती घरघर. या वेळी लांबच लांब. पोरगी रडत असावी. घंटेचंही तिला भान राहिलं नव्हतं.

खिडकीबाहेर मिलचा भोंगा झाला.

फोनमध्येही झाला. आणि त्याच्या मागोमाग, सत्यशीलेच्या अगदी गालाजवळून कोणीतरी म्हणालं, "भों!"