चहाआधीचा होकार

हॉस्पिटलच्या ॲपमध्ये इतरांनी लिहिलेली चारशे बारा पॅकेजं, म्हणजे कोडचे तयार तुकडे होते आणि ते वापरायला प्रत्येकाच्या कर्त्याचा रोज नवा होकार लागायचा. आज चारशे अकरा होकार आले होते. तारखा मोजणाऱ्या एकाच पॅकेजाचा आला नव्हता, म्हणून बिल्ड, म्हणजे ॲपची रोजची जुळणी, अडलं होतं. सकाळी दहाच्या आत डायलिसिसच्या पेशंटांना ॲपवरूनच वेळा जायच्या होत्या. ॲप सांभाळणाऱ्या शर्वाणीने घाबरतच त्या कर्त्याच्या घरी फोन लावला.

"ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली गं," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तेव्हापासून रोजचा होकार मीच देते, चहा घ्यायच्या आधी. आज तापात डोळाच उघडला नाही. थांब हं, देते."

बिल्ड सुरू झालं. शर्वाणीचे हात आपसूक जोडले गेले.

"किती जणांच्या उपयोगी पडतं गं ह्यांचं काम?"

"आज दोनशे पेशंटांच्या, आजी."

"पावलं म्हणायचं. आता चहा ठेवते."