चालतं कुंपण

महसूल खात्याचे सुमंतसाहेब नागपूरहून आले ते सही करायलाच. भर मे महिन्यात येऊन त्यांनीच कागदावर लिहिलं होतं, ‘पडीक, गवत नाही.’ मेमध्ये गवत शोधायला जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं! पण आज सही झाली, की वाडीच्या पलीकडचं हे ऐंशी एकर गायरान ट्रकवाल्यांच्या गोदामाला जाणार होतं आणि गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांच्या दीडशे गाई रस्त्यावर येणार होत्या.

आता दिवाळी होती आणि गवत कमरेला लागत होतं.

“पावसानं कुठंही उगवतं,” त्यातून वाट काढत साहेब म्हणाले. “तुम्ही राखलं म्हणता, तर कुंपण कुठंय?”

“येऊन राहिलं, साहेब. दम धरा जराक,” गोवाऱ्यांची जयवंताबाई म्हणाली. गेले चार महिने या गवतावर तिचाच पहारा होता.

आज गायगोधन, गोवाऱ्यांचा गाई पूजण्याचा सण. गावातून ओवाळून घेऊन गाई आल्या, रंगवलेल्या शिंगांच्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. पुढे तिचा दीर शालिकराम होता, रिकाम्या हातानं. कडेच्या पळसापाशी पहिली गाय थांबली. मग दुसरी. मग सगळ्याच. समोर एवढं गवत, मध्ये साधी तारही नाही. एक वासरू पुढे धावलं. त्याची आई हंबरली, तसं तेही मुकाट्यानं मागे आलं.

साहेब बघतच राहिले.

“रोज इथूनच वळवलं त्याईले,” जयवंताबाई म्हणाली. “बी झडल्याबिगर आत पाय नाही.”

तिनं गवताचा एक तुरा मुठीतून ओढला आणि मूठ उघडली. तळहातावर बी सुटून आलं होतं.

“वहिनी, सोडू काय?” शालिकरामनं विचारलं.

“सोड गा!”

डफडं कडाडलं आणि दीडशे गाई गवतात शिरल्या. जयवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्याईच्या खुरानं बी मातीत जाते, साहेब. पुढच्या सालचं गवत आजच पेरून राहिलो आमी.”

साहेब वाकून पाय खाजवत होते. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली होती.

“जे नाही म्हणून लिहिलं,” जयवंताबाई हसत म्हणाली, “तेच तर चिकटलं तुमच्या पँटीले!”

साहेबांनाही हसू आलं. त्यांनी जुन्या ओळीवर आडवी रेघ मारली. “आता काय लिहू? राखीव?”

“राखीव नका लिहू. मंग आमालेच आत येऊ देत नाही. राखलेलं लिहा.”

साहेबांनी ‘राखलेलं’ लिहिलं, खाली सही केली आणि कुसळं न झटकताच गाडीत बसले.