ट्रेलरमधला नवरदेव

"अहो, नवरदेव आतच राहिला!"

कोल्हारच्या चर्चपुढं एकच गोंधळ उडाला. संगमनेरचं वऱ्हाड ट्रकमधून आलं होतं. नवरदेव जॉर्ज मात्र मागं जोडलेल्या बंद ट्रेलरमध्ये, नव्या पांढऱ्या सुटाला फुफाटा लागू नये म्हणून. जॉर्ज स्वतः ट्रेलर बांधणारा मिस्त्री, आणि त्यानंच बांधलेल्या ट्रेलरचं दार उघडेना! नवरीच्या बापानं, एलियानं, खांदा लावला. चौघांनी लाथा घातल्या. दार म्हणजे अडून बसलेली म्हैस. शेवटी सगळे पहार शोधायला पांगले आणि सगळ्यात पुढं धावली ती नवरीची मेरीमावशी.

शेजारच्या घराच्या दारातून नवरी दया हे बघत होती. पांढरी साडी नेसून तयार, पण जिवाला घोर. ती गावच्या शाळेत शिकवायची. लग्नानंतर शिकवणं सोडावं लागेल का, एवढंच तिला जॉर्जला विचारायचं होतं. साखरपुड्याला तिनं तोंड उघडलं, तर ह्याच मावशीनं डोळे वटारून गप्प केलं होतं. आता मावशी नव्हती. दया पदर सावरत ट्रेलरपाशी गेली. दार वरच्या कोपऱ्यात बोटभर फाकलं होतं.

"बाहेर कोन हाय?" आतून जॉर्जनं विचारलं.

"मी, दया."

"बरं झालं! साखरपुड्याला काय विचारत हुता तुमी?"

बाई गं, ह्याच्या लक्षात आहे! दयानं एका दमात विचारून टाकलं, "लग्नानंतर मी शाळेत शिकवलेलं चालेल का?"

"न चालायला काय झालं? आमच्या गल्लीतल्या शाळेत हेडमास्तरांना विचारून ठेवलंय. सकाळच्या भाकरी मी थापीन. फकस्त आकाराला नावं ठेवायची न्हाईत."

दयाला हसता हसता रडू आलं. गालावरची पावडर ओघळली, तर ओघळू दे!

"पण ह्या दाराचं काय?"

"मागचं एक चाक धोंड्यावर चढलंय. सांगाडा पिळला, चौकट तिरकी झाली, दार अडकलं. भीमाला ट्रक पुढं घ्यायला सांगा, आपसूक उघडंल."

ड्रायव्हर भीमा लिंबाखाली निवांत बिडी ओढत बसला होता.

"भीमाभाऊ, ट्रक जरा पुढं घ्या," दया म्हणाली.

"घेतो की, वहिनी." भीमानं बिडी विझवली. "दादानी सकाळीच बजावलं हुतं, चर्चपुढं चांगला मोठा धोंडा बघून चाक चढव, आन् वहिनींनी सांगितल्याबिगर हलवू नको!"