कोपराचं माप

"काउंटर कोणाच्या कोपराच्या मापाने धरू?" टेप ओढत सुतारमिस्त्रींनी विचारलं. "आत उभं कोण राहणार?"

"ही की!" जयंतरावांनी बायकोकडे बोट दाखवलं.

शरयू चपापली. पोरांच्या खेळाच्या खोलीत बार करायचं तिनेच सुचवलं होतं. बाहेर पिऊन गाडी हाकत येण्यापेक्षा नवरा घरीच प्यायलेला बरा, एवढंच तिच्या मनात होतं. ग्लास भरायला आपणच उभं राहायचं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती मुकाट्याने पुढे झाली. टेप कोपराला टेकताच कळवळली. पदर सरला आणि परवाचा काळानिळा वळ मिस्त्रींना दिसला. त्यांनी मान खाली घातली, कानावरची पेन्सिल काढली आणि भिंतीवर खूण करायला जरा जास्तच वेळ लावला.

"दाराला कडी आतून ना, साहेब?"

"आतूनच. एकदा बसलो की कुणाची कटकट नको."

मिस्त्रींनी शरयूकडे पाहिलं. नवऱ्याचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता.

"बाहेरूनही एक लावा, मिस्त्री," ती म्हणाली. "भक्कम बघून लावा."